समुद्राजवळच्या जंगलात तंबू: थंडीपेक्षा ओल जड जाते

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको, आठ वर्षांची मुलगी आणि सासरे असे चौघे तीन रात्रींसाठी एका कॅम्पग्राउंडवर जाणार आहेत. जागा दाट झाडीत आहे आणि समुद्र चालत दहा मिनिटांवर. तंबू चौघांचा, घुमटाच्या आकाराचा, ‘वॉटरप्रूफ’ म्हणून घेतलेला. डोंगरात दोन-तीनदा मुक्काम झालाय, समुद्राकाठी पहिल्यांदाच. विचारलंय ते असं: तंबू नेमका कुठे लावायचा, थंडी किती धरून चालायचं, शेकोटी करता येईल का आणि रात्री मुलीला समुद्रावर नेलं तर चालेल का.

वीसेक वर्षं मी लोकांना घेऊन अशा मुक्कामांना जाते आहे. तुमचा डोंगरातला अनुभव कामी येईल, पण एका बाबतीत तो तुम्हाला फसवेल. डोंगरात सामना थंडीशी असतो, इथे ओलीशी. पारा 14-15 अंशांवर असताना धडधाकट माणसं रात्रभर कुडकुडताना मी पाहिली आहेत, कारण अंगावरचे कपडे दमट होते. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. तेव्हा किती अंश थंडी पडेल याचा हिशेब थोडा बाजूला ठेवा आणि ओल कुठून येणार ते बघा. ती वरून येते, खालून येते, तुमच्या श्वासातून येते आणि मिठातून येते.

मिठाचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, म्हणून आधी तेच सांगते. पहिल्या-दुसऱ्या वर्षी मी समुद्रात भिजलेली विजार दुपारभर उन्हात टाकली. ती कडक वाळली, आणि रात्री तीच घालून मी झोपले. मध्यरात्री जाग आली तेव्हा विजार मांड्यांना चिकटलेली, गार आणि ओली. तंबू कुठेच गळत नव्हता. झालं होतं ते इतकंच की समुद्राचं पाणी उडून गेलं, मीठ कापडातच राहिलं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी शोषून विरघळायला लागतं, आणि समुद्राकाठच्या रात्री आर्द्रता त्याच्या वर असणं ही रोजचीच गोष्ट. म्हणजे खाऱ्या पाण्यात भिजलेला कपडा गोड्या पाण्यातून पिळून काढल्याशिवाय खऱ्या अर्थाने वाळतच नाही. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: झोपायचे कपडे वेगळ्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून, आणि ते घालून समुद्राकडे पाऊलसुद्धा टाकायचं नाही. पोटऱ्या आणि पाय गोड्या पाण्याने धुऊन, पुसून मगच स्लीपिंग बॅगमध्ये शिरायचं. मुलगी कंटाळा करेल, तरी धुवायला लावा. बॅगेच्या अस्तरात एकदा मीठ मुरलं की उरलेल्या रात्री ती चिकचिकत राहते.

आता जागा. कॅम्पग्राउंडवर क्रमांकाचा प्लॉट ठरलेला असतो, पण एका प्लॉटमध्येही तंबू लावता येतील अशा तीन-चार जागा असतात आणि त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं. उतरल्या उतरल्या तंबू उलगडू नका. आधी झाडं बघा. किनाऱ्यालगतची झाडं एका बाजूला विंचरल्यासारखी झुकलेली दिसतात. वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार समुद्राकडच्या कोवळ्या अंकुरांना जाळतात, म्हणून फांद्या उरतात त्या दुसऱ्या बाजूला. जोराचा वारा वर्षभर कुठून येतो याची ती कायमची नोंद आहे, मोबाईलवरच्या अंदाजापेक्षा मी तिच्यावर जास्त भरवसा ठेवते. तंबूची सगळ्यात बुटकी, अरुंद बाजू त्या दिशेला करा, दार उलट बाजूला.

समुद्र दिसेल अशा कडेच्या जागेचा मोह सगळ्यांनाच होतो. मलाही झाला होता, पुरी एक रात्र तंबूची काठी हातांनी धरून बसले होते. पहिल्या रांगेतली झाडं वाऱ्याचा मार खातात, तो त्यांनाच खाऊ द्या. तुम्ही त्यांच्या मागे, झाडीच्या आत राहा. समुद्र बघायला दहा मिनिटं चालणं हे तंबू वाचवण्यापेक्षा केव्हाही सोपं.

आत शिरलात की वर बघा. नुसती मान वर करून भागत नाही, तंबू लावायचा त्याच जागी पाठीवर आडवं पडून बघा. वाळकी फांदी अडकून लोंबतेय का, एखादं झाड उभ्या उभ्या मेलेलं आहे का, कुठलं खोड शेजारच्या झाडावर टेकलंय का, हे आडवं पडल्यावरच नीट दिसतं. किनाऱ्याजवळची जंगलं बऱ्याचदा वाळूच्या जुन्या टेकड्यांवर उगवलेली असतात, तिथे मुळं खोल जाण्याऐवजी उथळ पसरतात. लागोपाठ दोन-तीन दिवस पाऊस होऊन वर वारा सुटला की आख्खं झाड मुळांच्या थाळीसकट आडवं होतं. बुंध्याभोवती माती उचलली गेलेली किंवा नवी भेग पडलेली दिसली तर तिथून लांब सरका, आणि व्यवस्थापकांना जाऊन सांगा. प्लॉट बदलून मागायला लाजू नका.

मग खाली बघा. दोन वाळूच्या उंचवट्यांमधला खोलगट, सपाट, मऊ पाचोळ्याचा तुकडा तंबूसाठीच केल्यासारखा वाटतो. रात्री गार हवा उतरून तिथेच साचते आणि पावसाचं पाणीही तिथेच येतं. त्याच्यापेक्षा हातभर उंच, किंचित उताराची जागा घ्या आणि उशा उताराच्या वरच्या अंगाला ठेवा.

झाडाखाली की उघड्यावर? उघड्या आकाशाखाली जमीन आणि कापड रात्री झपाट्याने निवतात, म्हणून दव तिथे भरपूर पडतं. फांद्यांच्या छताखाली ते कमी. पण समुद्रावरून धुकं आत येत असेल तर हिशेब उलटतो. पानं आणि सूचिपर्णी झाडांच्या सुया धुक्यातलं पाणी गाळून घेतात आणि खाली टपटप सोडतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची रेडवूडची प्रचंड झाडं कोरड्या उन्हाळ्यात बरंचसं पाणी असंच धुक्यातून मिळवतात. तेव्हा दुपारी पोचल्यावर पाचोळ्यात बोट खुपसून बघा. पाऊस झालेला नसताना झाडाखाली चिंब आणि मोकळ्यात कोरडं असेल, तर तिथे रोज रात्री धुकं गळतं. अशा ठिकाणी तंबू झाडांच्या कडेला आणि वर तिरपी ताडपत्री.

खुंट्यांबद्दल: तंबूबरोबर येणाऱ्या तारेच्या बारीक खुंट्या वाळूत दुधात चमचा उभा करावा तशा राहतात. पाचोळ्याचा थर पायाला घट्ट लागतो, त्याखाली वाळूच असते. लांब, रुंद पात्याच्या खुंट्या मिळाल्या तर घ्या. नसतील तर कापडी पिशव्यांत वाळू भरा, दोर पिशवीच्या गळ्याला बांधा आणि ती फूटभर खोल पुरून वरून पायाने दाबा. वीतभर लांब, जाड काटकी दोराला आडवी बांधून पुरली तरी तसंच काम होतं. हाताने ओढून बघा, सहजासहजी निघत नाही.

आणि झोपण्यापूर्वी सगळे दोर एकदा पुन्हा ताणा. नायलॉन पाणी पितं आणि सैलावतं. संध्याकाळी तंबोऱ्याच्या तारेसारखं ताणलेलं कापड रात्री दहाला पोट सुटल्यासारखं लोंबलेलं असतं, मग बाहेरचं कापड आतल्याला चिकटतं आणि तिथून पाणी आत झिरपतं. लोक दुकानदाराला बोल लावतात, खरं तर दोन मिनिटं दोर ताणले असते तर भागलं असतं. पॉलिस्टरचा तंबू असेल तर हा त्रास पुष्कळ कमी.

वाऱ्याची आणखी एक खोड. दिवसा जमीन तापते, समुद्रावरून खारे वारे आत येतात आणि दुपारी त्यांचा जोर सगळ्यात जास्त असतो. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे उलटे, जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. मधल्या वेळी, साधारण सूर्यास्तानंतर, वारा पडतो आणि वाटतं की आज शांत रात्र आहे. त्या शांततेत बांधलेली चूल हमखास चुकीच्या बाजूला येते आणि तासाभराने धूर तंबूत शिरतो. चूल तंबूच्या कडेला, वाऱ्याच्या दोन्ही वाटांपासून आडवी मांडा.

श्वासाची ओल सगळ्यात जास्त गैरसमज करून देते. झोपेत श्वासावाटे आणि त्वचेवाटे माणूस बरंच पाणी हवेत सोडतो. चौघांचं मिळून रातोरात लिटरभराच्या आसपास. थंडी वाजते म्हणून झरोके आणि साखळ्या (झिप) बंद केल्या की हे लिटरभर पाणी कापडाच्या आतल्या बाजूला जमतं आणि पहाटे तोंडावर ठिबकतं. ‘तंबू गळला’ अशा ज्या तक्रारी मी ऐकल्या त्यांतल्या निम्म्याहून अधिक ह्याच होत्या. वरचे झरोके उघडे ठेवा, दाराची साखळी वरून वीतभर उघडी, जाळी मात्र पूर्ण बंद. ओले बूट, टॉवेल, छत्र्या तंबूच्या आत नकोत. थोडी गार झुळूक लागेल, तिच्यासाठी कानटोपी आहे.

खालची ओल त्या मानाने सोपी. तंबूखालचं प्लास्टिक तंबूच्या बुडापेक्षा चार बोटं लहान हवं. बाहेर डोकावलं तर ते पन्हाळीसारखं काम करतं, पावसाचं पाणी थेट तुमच्या पाठीखाली आणतं. मॅटवर काटकसर करू नका, विशेषतः सासऱ्यांसाठी. स्लीपिंग बॅग कितीही भारी असली तरी अंगाखाली दबलेल्या भागात ऊब उरत नाही, तिथे मॅटच वाचवते. पिसांची बॅग आणि कृत्रिम धाग्यांची यांत निवड करायची असेल तर इथे धाग्यांची घ्या. पिसं दमटपणाने गोळा होतात आणि तीन दमट रात्रींनंतर बॅग निम्मी झालेली असते.

शेकोटीचं उत्तर: जागेचे नियम परवानगी देत असतील तर करा, पण आखून दिलेल्या कुंडातच. नियम दर मोसमाला बदलतात, कोरड्या दिवसांत पूर्ण बंदीही असते, आदल्या दिवशी चौकशी करा. कुंडाबाहेर का नको, तर जंगलात पाचोळ्याखाली कुजलेला थर आणि मुळं असतात. आग त्यात शिरली की ज्वाळा न दिसता धुमसत राहते आणि काही दिवसांनी भलतीकडेच वर येते. सरपण घरून गाडीत घालून नेऊ नका. सालीखालचे किडे त्याच्याबरोबर प्रवास करतात आणि नव्या जंगलाला लागतात. तिथेच विकत मिळेल ते घ्या. किनाऱ्यावर वाहून आलेली पांढरी, गुळगुळीत लाकडं जाळायचा मोह होईल. त्यांत मीठ मुरलेलं असतं, जळताना त्यातलं क्लोरीन विषारी संयुगं तयार करतं, आणि त्या लाकडांच्या आडोशाने कितीतरी जीव राहतात. ती राहू द्या.

विझवताना वाळू टाकू नका, हे मी ओरडून सांगते. वाळूखाली निखारे तासन् तास धगधगत राहतात, वरून काहीच दिसत नाही. सकाळी अनवाणी धावणारं मूल नेमकं त्यावर पाय देतं. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि राखेवर हाताचा उलटा पंजा धरून ऊब जाणवते का ते बघा. उबदार लागलं तर अजून विझलेलं नाही.

आणि पाऊस कितीही लागो, स्टोव्ह किंवा निखाऱ्यांची शेगडी तंबूत नेऊ नका, दार उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याने माणूस गुदमरल्यासारखा जागा होत नाही, झोपेतच जातो.

प्राण्यांची काळजी तुम्ही विचारली नाहीत, तरी एक वाक्य: अन्न, टूथपेस्ट, साबण, कचरा यांपैकी काहीही तंबूत नको. डिकीत किंवा तिथे दिलेल्या पेटीत ठेवा. किडे-डासांसाठी लांब बाह्या आणि पिवळसर प्रकाशाचा दिवा. पांढऱ्या दिव्यावर ते जास्त झेपावतात. झाडीतून फिरून आल्यावर मुलीच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे गोचीड तपासा.

निघायच्या दिवशी तंबू बहुधा ओलाच गुंडाळावा लागेल. चालेल, पण घरी पोचल्यावर त्याच दिवशी उलगडा. आधी गोड्या पाण्याने साखळ्या, काठ्यांचे सांधे आणि कापड धुवा, मग सावलीत पूर्ण वाळवा. खाऱ्या साखळ्या पुढच्या वर्षी उघडत नाहीत आणि ओला राहिलेला तंबू आतून चिकट होऊन कुबट वास मारतो. कापडावरचा वॉटरप्रूफ थर एकदा सुटायला लागला की उपाय नाही. काठ्या जोडताना प्रत्येक टोक फडक्याने पुसत चला. सांध्यात वाळूचे चार कण गेले की काठी अडकते, आणि जोर लावला की चिरते.

राहिला समुद्र. जाण्याआधी त्या जागेचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक घ्या आणि कागदावर लिहून तंबूत लावा. नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. काल संध्याकाळी सहाला जिथे मोकळी वाळू होती तिथे आज सहाला ती तशीच असेल असं नाही. शिवाय पाणी सारख्या चालीने चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पहिल्या तासाला जेमतेम बारावा हिस्सा चढतो, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी येतं. ‘आत्ता तर कुठे लांब होतं’ असं लोक म्हणतात ते या दोन तासांत. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सगळ्यात मोठं असतं. तुमच्या तीन रात्री त्यात येतात का ते पंचांगात बघा.

किनाऱ्यावर पडलेल्या मोठ्या ओंडक्यांवर मुलीला चढू देऊ नका, निदान पाणी जवळ असताना तरी नाही. ओंडका टनभर वजनाचा असला तरी घोट्याएवढ्या पाण्यात तो उचलला जातो आणि गडगडतो. लाटांच्या रांगेत मध्येच एखादी लाट बाकीच्यांपेक्षा फार वर येते, तेव्हा समुद्राकडे पाठ करून बसायचं नाही.

त्सुनामीचाही विचार करून ठेवा. पोचलात की उंच जागेची वाट चालून बघा, मुलीला आणि सासऱ्यांना बरोबर घेऊन. वीस सेकंदांहून जास्त वेळ जमीन हलली, समुद्र अचानक मागे हटला किंवा विचित्र गरजला, तर भोंग्याची वाट न बघता सामान टाकून निघायचं, शक्य तर समुद्रसपाटीपासून 30 मीटर उंच किंवा तीन किलोमीटर आत. पहिली लाट सगळ्यात मोठी असेलच असं नाही, त्यामुळे लगेच परतायचं नाही. मुलं घाबरतील म्हणून हे लपवू नका. 2004 च्या डिसेंबरमध्ये थायलंडच्या एका किनाऱ्यावर समुद्र विचित्र फेसाळतोय हे दहा वर्षांच्या मुलीने ओळखलं होतं, कारण दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला ते शिकवलं गेलं होतं. तिच्या ओरडण्यामुळे किनारा रिकामा झाला.

तर रात्री मुलीला न्यावं का? न्या, जरूर न्या. ओहोटी लागल्यानंतर, पाणी उतरत असताना जा आणि भरती फिरायच्या आत परत या. पाण्यात घोट्याच्या वर नको, रात्री पाण्याची ओढ कुठे आहे ते दिसत नाही. वाळूवर बसलात की टॉर्च विझवा. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, एकदा मोबाईल पेटवला की तेवढा वेळ पुन्हा मोजायचा. काही किनाऱ्यांवर, काही मोसमांत, पाण्यातले सूक्ष्मजीव ढवळले गेले की निळसर चमकतात. लाट फुटताना कडेला उजेडाची रेघ धावते, ओल्या वाळूवर पाय आपटला की पावलाभोवती ठिणग्या उठतात. दिसेलच अशी खात्री मुलीला देऊ नका.

आणि जंगलातून वाळूवर उतरता तिथे, वाटेच्या तोंडाशी, समुद्राकडून दिसेल असा एक छोटा दिवा फांदीला टांगून ठेवा. रात्री मागे वळून पाहिलं की झाडीची एकच काळी भिंत दिसते आणि वाट कुठून फुटली होती ते ओळखू येत नाही. असं चुकून एकदा मी सात जणांना घेऊन तासभर वाळूत इकडून तिकडे फिरले आहे. परत जाताना तो दिवा काढून घ्या, आणि तंबूत शिरण्याआधी पाय धुवा.